वर्कशॉपमधली नासाडी शोधायची कुठे, थांबवायची कशी

भोसरी, चाकण, सातपूर, वाळूज, शिरोली. यातल्या कुठल्याही एमआयडीसीत दोन सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणारी मशीन) टाकून बसलेल्या माणसाला विचारा, तुमच्याकडे वाया काय जातं? तो तुम्हाला शेडच्या मागे नेईल आणि चिप्सचं, म्हणजे कापताना निघालेल्या धातूच्या किसाचं, पिंप दाखवेल. भंगार डोळ्यांना दिसतं, काट्यावर चढतं, भंगारवाला त्याचे पैसेही देऊन जातो, म्हणून त्याचा हिशोब आपल्याला पाठ असतो. मोठं नुकसान त्या पिंपात पडतच नाही. सेटरची (मशीन पुढच्या कामासाठी जुळवून देणाऱ्याची) वाट बघत उभं राहिलेलं मशीन, तिसऱ्या ऑपरेशनला गेल्यावर सापडलेला चुकीचा जॉब (बनवायचा सुटा भाग), कोपऱ्यात महिनाभर धूळ खाणारा अर्धवट माल, यांचं वजन कुणी करत नाही.

नुकतंच वर्कशॉप सुरू केलेल्यांसाठी, किंवा वडिलांचं वर्कशॉप हातात घेतलेल्यांसाठी हे लिहितोय. उदाहरणं टर्निंगच्या (जॉब फिरवत कापण्याच्या) जॉबवर्कची, म्हणजे दुसऱ्या कंपनीसाठी दरानं करून दिलेल्या कामाची आहेत, कारण मला तेच काम जवळून माहीत आहे. दर आणि भाव समजण्यापुरते धरलेत. तिथे तुमचे आकडे घाला.

आधी एका जॉबचं गणित

समजा मटेरियल पार्टीचं (काम देणाऱ्या कंपनीचं) आहे. एका जॉबचा दर १२ रुपये, त्यात तुमचा खर्च १० रुपये, सुटतात २ रुपये. जॉब रिजेक्ट झाला तर पार्टी मटेरियलचे ६० रुपये डेबिट करते. म्हणजे केलेल्या कामाचे १० आणि डेबिटचे ६०, असे ७० रुपये गेले. ते भरून काढायला ३५ चांगले जॉब करावे लागतात. एका सीएनसीवर २ मिनिटांची सायकल (एक जॉब व्हायला लागणारा वेळ) असेल तर एका रिजेक्टमागे ७० मिनिटं मशीन फुकट चाललं.

हे गणित तुमच्या प्रत्येक चालू जॉबसाठी करा आणि "एक रिजेक्ट म्हणजे इतके जॉब" असा आकडा मशीनवर लावा. शेकडा दोन रिजेक्शन ऐकायला किरकोळ वाटतं. वरच्या उदाहरणात शंभर जॉबमागे दोन गेले की १४० रुपये जातात, आणि उरलेल्या ९८ जॉबमधून सुटतात १९६. म्हणजे नफ्यातला ७० टक्के भाग दोन जॉबनी खाल्ला.

पहिली पायरी: उभं राहून बघा

टोयोटात उत्पादन सांभाळणारे ताइची ओहनो जमिनीवर खडूनं वर्तुळ काढून इंजिनिअरला त्यात उभं करत आणि समोर काय चाललंय ते नुसतं बघायला लावत. आजही जगभर 'लीन' नावानं शिकवली जाणारी, नासाडी कमी करायची पद्धत तिथेच घडली, आणि ती घडली पैशांच्या टंचाईत. १९५० साली टोयोटा बुडण्याच्या काठावर होती, संप झाला, माणसं कमी करावी लागली, अध्यक्ष किइचिरो टोयोडांना पद सोडावं लागलं. नवी मशिनरी घ्यायला पैसा नसताना आहे त्यातूनच जास्त काढायचं होतं. आपल्या छोट्या शेडची अवस्था यापेक्षा वेगळी नसते, म्हणून ही पद्धत आपल्याला लागू पडते.

ओहनोंनी वाया जाण्याचे सात प्रकार सांगितले: गरजेपेक्षा जास्त बनवणं, वाट बघणं, उगाच वाहतूक, गरज नसलेली प्रक्रिया, साठा, माणसाची उगाच हालचाल आणि दोष. जपानीत याला 'मुदा' म्हणतात. सातही पाठ करायची गरज नाही. एक मशीन निवडा, शक्यतो ज्याच्यापुढे कामाची रांग लागते ते. चहानंतर दोन तास तिथे उभे राहा. फोन खिशात ठेवा, कुणाला काही सांगू नका. ऑपरेटर किती वेळा जागा सोडतो, कशासाठी सोडतो, एवढंच लिहा. ॲलन की आणायला, गेज शोधायला, सुपरवायझरला विचारायला, कच्चा माल ओढून आणायला. पहिल्याच दिवशी पान भरतं.

उभं राहण्याआधी माणसांना कारण सांगा. "मामा, तुमच्यावर लक्ष ठेवायला नाही आलो, तुम्हाला फेऱ्या का माराव्या लागतात ते बघायचंय." हे न सांगता वही घेऊन उभे राहिलात तर त्या दोन तासांत तुम्हाला फक्त नाटक दिसेल.

दुसरी पायरी: आठवडाभर लिहा

मशीनला एक कागद अडकवा. मशीन थांबलं की वेळ आणि कारण लिहायचं. कारणं पाच-सहाच ठेवा: सेटिंग, टूल बदल, माल नाही, बिघाड, लाइट गेली, तपासणीची वाट. जास्त रकाने केलेत तर कुणी भरणार नाही.

आठवड्यानंतर एका शिफ्टचा हिशोब असा मांडा. जेवण वगळून ४५० मिनिटं होती. मशीन चाललं ३३० मिनिटं. २ मिनिटांच्या सायकलनं १६५ जॉब व्हायला हवे होते, झाले १५०. त्यातले चांगले १४४. म्हणजे ४५० मिनिटांतून कामाची मिनिटं निघाली २८८, फक्त ६४ टक्के. मोठ्या कंपन्यांत याला ओईई (ओव्हरऑल इक्विपमेंट इफेक्टिव्हनेस) म्हणतात. नाव महत्त्वाचं नाही, १६२ मिनिटं कुठे गेली ते महत्त्वाचं. इथे १२० थांबण्यात गेली, ३० संथपणात, १२ वाईट जॉबमध्ये. मिनिटांच्या हिशोबात वाईट जॉब सर्वांत लहान दिसतात. रुपयांच्या हिशोबात तेच सर्वांत मोठे असू शकतात, हे वर बघितलंच. म्हणून दोन्ही हिशोब शेजारी शेजारी ठेवा.

या कागदाच्या बाबतीत एक चूक मी केलेली आहे. रिजेक्शनचा आकडा दिसला की मी माणसांना झापायचो. दोन महिन्यांत आकडा जवळजवळ शून्यावर आला आणि मला वाटलं जमलं. मग एकदा भंगार भरताना पिंप उलटं झालं आणि चिप्सच्या खालून चाळीसेक जॉब निघाले. माणसं वाईट नव्हती. खरं लिहिलं की बोलणी बसतात, हे मीच त्यांना शिकवलं होतं. त्या दिवसापासून रिजेक्ट जॉबसाठी लाल रंगाची उघडी पेटी ठेवली आणि तिच्यात टाकलेल्या जॉबबद्दल कुणालाही ओरडायचं नाही असं ठरवलं. पुढच्या आठवड्यात रिजेक्शन "वाढलं". खरं तर ते पहिल्यांदा दिसलं.

तिसरी पायरी: वाईट जॉब कुठे जन्मतो ते शोधा

लाल पेटी रोज संध्याकाळी ऑपरेटरसोबत उघडा. प्रत्येक जॉबवर मार्करनं वेळ आणि दोष लिहिलेला असावा. वेळ लिहिणं फार कामाचं आहे. आठवड्याभरात आकार दिसायला लागतो: बहुतेक वाईट जॉब शिफ्टच्या पहिल्या अर्ध्या तासातले, जेवणानंतरचे, किंवा इन्सर्ट (टूलची बदलता येणारी कापणारी कड) बदलल्यानंतर लगेचचे असतात.

सकाळचं कारण बऱ्याचदा उष्णता असतं. थंड मशीनचा स्पिंडल (जॉब फिरवणारा दांडा) आणि बॉलस्क्रू (टूल सरकवणारा स्क्रू) चालू झाल्यावर तापतात, तापताना लांबतात आणि साइज सरकते. उपाय साधा आहे: जॉब लावण्याआधी पंधरा-वीस मिनिटं वॉर्मअप प्रोग्राम चालवा, आणि जेवणाच्या सुट्टीनंतरचे पहिले पाच जॉब प्रत्येकी मोजा. जॉब गरम असतानाही मोजू नका. ५० मिमी व्यासाचा स्टीलचा जॉब खोलीच्या तापमानापेक्षा २० अंशांनी गरम असेल तर साधारण ०.०११ मिमी मोठा दिसतो, ॲल्युमिनियमचा ०.०२३ मिमी. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ०.०२ असेल तर स्टीलच्या जॉबचा अर्धा टॉलरन्स नुसत्या उष्णतेनं खाल्ला. ऑपरेटर ऑफसेट (मापानुसार टूलच्या जागेची दुरुस्ती) बरोबर देतो, जॉब थंड झाल्यावर लहान भरतो, आणि दोष ऑपरेटरवर येतो.

इन्सर्ट तुटेपर्यंत चालवायची सवय मोडा. दोनशे रुपयांची कड वाचवताना शेवटचे दहा-बारा जॉब आणि कधी टूलहोल्डरही जातो. तीन-चार इन्सर्टचं आयुष्य जॉबच्या संख्येत मोजा. सर्वांत कमी चाललेला १८० जॉबवर गेला असेल तर १६० वर बदला. काउंटर कंट्रोलमध्येच असतो.

आणि मोजायला सोपं करा. व्हर्नियर घेऊन प्रत्येक बोअर (जॉबचं भोक) मोजण्यापेक्षा गो-नोगो प्लग गेज (एक टोक आत जायला हवं, दुसरं जाता कामा नये) मशीनशेजारी हवा. पाच जॉबमागे एक तपासायचा, तर ते पाच जॉब ठेवायला वेगळा ट्रे हवा. दोष सापडला की मागचे फक्त पाच जॉब तपासावे लागतात, आख्खी क्रेट उपसावी लागत नाही.

चौथी पायरी: सेटिंगचा वेळ

जॉबवर्कमध्ये लॉट (एका वेळी करायची जॉबची खेप) लहान असतात, रोज नवी सेटिंग. इथे जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांचं काम उपयोगी पडतं. टोयोटात १००० टनी प्रेसचा डाय (साचा) बदलायला चार तास लागायचे. आधी तो वेळ दीड तासावर आणि मग तीन मिनिटांवर आला. त्यामागचा विचार असा: सेटिंगमधली काही कामं मशीन थांबल्याशिवाय होत नाहीत, आणि काही मशीन चालू असतानाच करून ठेवता येतात. आपण दोन्ही मशीन बंद ठेवून करतो.

मोबाइल स्टँडवर लावून एक पूर्ण सेटिंग शूट करा आणि सेटरसोबत बसून बघा. दर मिनिटाला लिहा, मशीन बंद असणं इथे गरजेचं होतं का? ड्रॉइंग शोधणं, प्रोग्राम पेनड्राइव्हवरून टाकणं, सॉफ्ट जॉज (जॉब पकडणारे, त्याच्या मापाला कापलेले जबडे) शोधणं, बोल्ट जुळवणं, गेज आणायला स्टोअरला जाणं, यातल्या कशालाही मशीन थांबवायची गरज नसते. मी जिथे जिथे हे केलं तिथे सेटरचा निम्मा वेळ शोधण्यात जात होता, सेट करण्यात नाही.

मग एक ट्रॉली करा. पुढच्या जॉबचं ड्रॉइंग, जॉज, टूल, इन्सर्ट, गेज, सेटिंगचा पहिला जॉब, सगळं आधीचा लॉट संपायच्या आत ट्रॉलीवर. सॉफ्ट जॉजचा प्रत्येक सेट पार्ट नंबर टाकून फळीवर ठेवा, दरवेळी नवे बोअर करू नका. वारंवार येणाऱ्या जॉबचे टूल त्याच स्टेशनवर राहू द्या. एवढ्यावर ९० मिनिटांची सेटिंग ४० वर येणं अवघड नाही.

५० मिनिटं वाचली, महिन्याला २० सेटिंग, म्हणजे जवळजवळ १७ तास. ताशी ४०० रुपये धरले तर साडेसहा हजारांच्या वर. हे पैसे खरे केव्हा? त्या तासांत भरायला काम असेल किंवा तेवढा ओव्हरटाइम कमी होणार असेल तेव्हा. मशीन रिकामंच राहणार असेल तर वाचलेला वेळ खिशात येत नाही. तेव्हा त्याचा उपयोग लॉट लहान करायला करा.

लॉट लहान का करावा

एका जॉबची तीन ऑपरेशन तीन मशीनवर होतात, प्रत्येकी २ मिनिटं, लॉट ३०० चा. सगळे ३०० पहिल्या मशीनवर संपवून मग पुढे ढकलले तर शेवटपर्यंत १८०० मिनिटं लागतात, म्हणजे ३० तास. तोच लॉट ५०-५० च्या क्रेटनं पुढे सरकवला तर ८०० मिनिटांत संपतो, साडेतेरा तासांच्या आत. मशीन तीच, माणसं तीच, सायकल तीच.

शिवाय पहिल्या ऑपरेशनची चूक दुसऱ्यावर कळली तर ५० जॉब जातात, ३०० नाही. हे कळायला मला बरीच वर्षं लागली. मला वाटायचं एकदा सेटिंग केलीच आहे तर भरपूर काढून ठेवावं, पुढच्या महिन्यात कामाला येईल. पुढच्या महिन्यात पार्टीनं ड्रॉइंग बदललं की तो सगळा माल शेडमध्ये बसून राहतो.

शेडमध्ये अडकलेला माल दिवसांत मोजा. मशीनांच्या मधे ६००० जॉब पडलेत, रोज ४०० जातात, म्हणजे आत आलेला जॉब सरासरी १५ दिवसांनी बाहेर पडतो. त्यावरचं प्रत्यक्ष काम सहा मिनिटांचं. मटेरियल तुमचं असेल आणि जॉबमागे ६० रुपये गुंतले असतील तर ३ लाख ६० हजार रुपये जमिनीवर पडलेत. कॅश क्रेडिटवर (बँकेच्या खेळत्या कर्जावर) वर्षाला १२ टक्क्यांनी महिन्याला ३६०० रुपये व्याज. उपाय म्हणून मशीनच्या मधे पिवळ्या पट्ट्यांनी दोन क्रेटची जागा आखा. जागा भरली की मागच्या मशीननं थांबायचं. मशीन थांबलेलं बघवत नाही, पहिल्या आठवड्यात तर अजिबात नाही. तरी थांबवा.

पाचवी पायरी: बार कापताना

बार स्वतःचा असेल तर इथे मन लावून बसा. गोल स्टीलच्या बारचं मीटरमागे वजन काढायचं शॉपमधलं सूत्र सगळ्यांना ठाऊक असतं: मिलिमीटरमधल्या व्यासाचा वर्ग भागिले १६२. २५ मिमीचा बार मीटरला ३.८६ किलो, सहा मीटरचा २३.१५ किलो.

जॉब ८० मिमी लांब आहे. बँडसॉवर "असू द्या थोडं जास्त" म्हणून ८६ मिमीचे तुकडे कापले जातात. ब्लेडची रुंदी दीड मिमी धरली तर बारमधून ६८ तुकडे निघतात. दोन्ही बाजूंच्या फेसिंगला (टोकं सपाट करायला) एकेक मिमी पुरत असेल आणि ब्लेड सरळ कापत असेल तर ८२ चा तुकडा चालतो, आणि त्याच बारमधून ७१ निघतात. महिन्याला २०,००० जॉबना जवळजवळ साडेबारा बार कमी लागतात, साधारण २८७ किलो. ७५ रुपये किलोनं साडेएकवीस हजार. भंगारात त्यातले किलोला ३० परत मिळालेच असते, ते वजा करा. हातात उरतात तेरा हजारांच्या आसपास. फेसिंगचा वेळ वाचतो तो वेगळा.

मात्र आधी ब्लेड बघा. बोथट ब्लेड तिरकं कापतं, म्हणून माणूस जास्तीची लांबी धरतो. ब्लेड न बदलता नुसती लांबी कमी करायचा हुकूम काढलात तर फेस न साफ झालेले जॉब लाल पेटीत येतील.

चिप्स मिसळू देऊ नका. पितळ, ॲल्युमिनियम, स्टेनलेस आणि साधं स्टील यांची पिंपं वेगळी, रंगानं ओळखता येणारी. पितळात लोखंड मिसळलं की भाव लगेच पडतो. पिंपाच्या तळाला भोकं पाडून खाली ट्रे ठेवा, रात्रभरात कूलंट (कापताना सोडायचं थंड करणारं द्रव) निथळतं आणि गाळून परत वापरता येतं.

हवा आणि कूलंट

सुट्टीच्या दिवशी सगळी मशीन बंद करून नुसता कॉम्प्रेसर चालवा. शेडमध्ये जो फुसफुस आवाज येईल तो तुमच्या वीजबिलातला आहे. कॉम्प्रेसर किती वेळ लोडवर (हवा भरत) राहतो आणि किती वेळ अनलोड (हवा न भरता), ते घड्याळावर बघा. एक मिनिट लोड, चार मिनिटं अनलोड, म्हणजे पाचातला एक भाग, २० टक्के हवा गळते. दहाच्या आत आणायचं ध्येय ठेवा. ७ बारच्या दाबाला ३ मिमीचं एक भोक साडेतीन-चार किलोवॅट खातं. साबणाचं पाणी, नवे कपलिंग, टेफ्लॉन टेप, एवढाच खर्च. दाब गरजेपेक्षा जास्त ठेवला असेल तर एक बार कमी केल्यानं वीज साधारण सहा-सात टक्क्यांनी उतरते. आधी मशीनच्या चकला (जॉब पकडणाऱ्या भागाला) किती दाब लागतो ते मॅन्युअलमध्ये बघा.

कूलंट अंदाजानं ओतू नका. हातातला रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि उत्पादकानं सांगितलेलं प्रमाण रोज सकाळी तपासा. पातळ झालं की टूल आणि जॉबला गंज, घट्ट झालं की पैसे आणि ऑपरेटरच्या हाताला खाज. वर तरंगणारं तेल काढत राहिलात तर कूलंट सडत नाही. वापरलेलं तेल गटारात सोडणं किंवा कुणालाही विकणं कायद्यानं चालत नाही. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं, परवानाधारक रिसायकलरलाच द्यायचं, आणि साधारणपणे ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायचं नाही.

मदत कुठे मिळते

उद्यम नोंदणी (छोट्या-मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) करून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर चालतं. केंद्राच्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग मंत्रालयाची लीन योजना मार्च २०२३ पासून नव्या रूपात सुरू आहे. बेसिक, इंटरमीडिएट आणि ॲडव्हान्स्ड अशा तिच्या तीन पायऱ्या. सल्लागाराच्या खर्चातला ९० टक्के भाग सरकार उचलतं. सल्लागाराला बोलावण्याआधी वरचा आठवड्याचा कागद तुमच्याकडे तयार हवा, नाहीतर त्याचे पहिले दोन महिने तोच कागद भरण्यात जातील. माणसांना टूलिंग आणि मोजमापाचं शिक्षण द्यायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरचं इंडो-जर्मन टूल रूम बघा.

कुठून सुरुवात करू?

हा प्रश्न हमखास येतो. माझा क्रम असा: लाल पेटी, मग सेटिंग, मग लहान लॉट, मग बार, आणि हवेची गळती जमेल त्या सुट्टीला. एका वेळी एकच मशीन घ्या. त्यावर टिकलं की दुसरं. शेडभर एकदम पिवळे पट्टे मारून फलक लावलेले बरेच कारखाने मी बघितले. सहा महिन्यांनी पट्ट्यांवर क्रेट आणि फलकावर मागच्या दिवाळीच्या तारखा.

वाचलेल्या पैशांचा वाटा ज्याच्या सूचनेनं पैसे वाचले त्याला द्या, त्याच महिन्याच्या पगारात, सगळ्यांना दिसेल असा. आमच्याकडे जॉजच्या फळीची कल्पना एका हेल्परची होती. तो रोज सेटरसाठी जॉज शोधत फिरायचा, म्हणून त्यालाच ती सुचली. फळीवरचे नंबरही त्यानेच रंगवले.